यंत्रावरचा माणूस, त्याचे कान आणि रेडिओचे इअर मफ



गेल्या अंकात खोडव्यातील पाचटाविषयी लिहिले होते. या वेळी ऊस थोडा बाजूला ठेवून ऊस तोडणाऱ्या यंत्रावर आणि ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाच्या कानांविषयी लिहीत आहे. ऊस विकास अधिकाऱ्याचा कानाशी काय संबंध, असे कुणाच्या मनात येईल. पण कार्यक्षेत्रात दर हंगामात तोडणी यंत्रे वाढत आहेत, ती घेणारे बरेचसे आपलेच सभासद आहेत आणि त्यांवर बसणारी पोरेही आपल्याच घरची आहेत. शिवाय एक प्रसंग माझ्यासमोर घडला आहे. तोच आधी सांगतो.

२०२३-२४ च्या हंगामातली गोष्ट. नदीकाठच्या एका फडात रात्री हार्वेस्टर चालू होता. बाजूने इनफिल्डरचा ट्रॅक्टर चालत होता. त्याला कॅब नव्हती, पण मालक हौशी, त्यांनी चालकाला कानावर घालायचे साधे इअर मफ आणून दिले होते. फडाच्या टोकाला वळताना मदतनीस पोरगा सांडलेली कांडी गोळा करायला दोन यंत्रांच्या मधे शिरला. आमचा चीटबॉय ओरडला, "थांब! थांब!" चालकाला ऐकू आले "लांब! लांब!" त्याला वाटले, हार्वेस्टरपासून लांब घे म्हणतोय. त्याने ट्रॅक्टर पुढे घेतला आणि ट्रेलरचे चाक पोराच्या पायावर गेले. पायाचे हाड मोडले. दीड महिना प्लास्टर होते. आता पोरगा चालतो-फिरतो, एवढेच नशीब.

चालकाने त्याच रात्री ते इअर मफ बांधावर फेकून दिले. "ह्या टोपणांनीच घात केला," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मालक गट कार्यालयात आले. त्यांनी विचारले, "साहेब, कान झाकले म्हणून झालं, का पहिल्यापासून झाकले नव्हते म्हणून झालं?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे त्या चालकाला आम्ही जिल्हा रुग्णालयात नेऊन कानाची तपासणी करवून घेतली. बारीक, उंच पट्टीच्या आवाजाचे त्याचे ऐकणे दोन्ही कानांनी बरेच गेलेले निघाले. वय अवघे चौतीस. ट्रॅक्टरवर सोळा वर्षे. म्हणजे मालकांच्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या कशा, ते समजले की कोणते इअर मफ घ्यावे हे आपोआप कळते.

आतल्या कानात शंखासारख्या नळीत केसांसारखे अतिशय सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात. एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाज आला की त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. मोठा आवाज तासन् तास पडत राहिला की त्या मलूल होतात. दिवसभर रोटाव्हेटर मारून घरी आल्यावर कानाला दडे बसतात, बारीक शिट्टी वाजल्यासारखे होते, ते हेच. रात्रभर विश्रांती मिळाली की बहुतेक पेशी सावरतात. पण हंगामभर रोज तेच चालले तर त्या मरतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. उसाचा खोडवा येतो, कानाचा येत नाही.

सगळ्यात आधी जातात त्या उंच पट्टीच्या आवाजाच्या पेशी, चार हजार कंपनांच्या आसपासच्या. माणसाच्या बोलण्यात स, श, च, त, थ ही अक्षरे या उंच पट्टीत बोलतात. म्हणून असा माणूस ठार बहिरा होत नाही. त्याला बोललेले ऐकू येते, पण कळत नाही. घरात मालकीण म्हणते, "ह्यांना हाक ऐकू येते, काम सांगितलं की ऐकू येत नाही." आपण हसून सोडून देतो.

आता इअर मफचे पाहू. निरोगी कानाच्या माणसाने मोठ्या आवाजात इअर मफ घातले तर गोंगाट आणि बोलणे दोन्ही सारखेच खाली येतात, म्हणून बोलणे कळायला फारशी अडचण पडत नाही, कधी कधी थोडे सोपेही जाते. परंतु ज्याचे उंच पट्टीचे ऐकणे आधीच गेले आहे त्याला मात्र अडचण होते, कारण साधे इअर मफ नेमका तोच उंच पट्टीचा आवाज सर्वांत जास्त अडवतात. त्याच्याकडे उरलेसुरले 'थ' होते तेही गेले, आणि 'थांब'चे 'लांब' झाले. तात्पर्य, जुन्या चालकाला साधे टोपण देऊन भागत नाही. त्याच्यासाठी बाहेरचे बोलणे आत घेणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र लागते, आणि दोन यंत्रे जोडीने चालणार असतील तर रेडिओही लागतो.

आवाज किती, हे कसे कळावे?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ही मोजणी आपल्या वजनकाट्यासारखी नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते, १० वाढले की दहापट. म्हणून ८५ आणि ९५ यांतला फरक 'थोडासाच' असे समजू नये.

कॅब नसलेल्या ट्रॅक्टरवर जोर लागलेला असताना चालकाच्या कानाशी ९० ते १०० डेसिबल भरतात. चांगल्या बंद कॅबमध्ये आवाज बराच कमी असतो, पण काच उघडी ठेवून, किंवा ए.सी. बंद पडलाय म्हणून दार दोरीने बांधून चालवले की ती कॅब नुसती सावलीपुरती उरते. आपल्या कारखान्यात गव्हाणीजवळ, मिलवर आणि टर्बाइनपाशी काय आवाज असतो हे तिथे काम करणाऱ्या सभासदांच्या मुलांना सांगायला नको.

आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरत आले आहेत. अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्था (नायोश) १९९८ पासून आठ तासांना ८५ च धरा म्हणते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायला सांगते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास. आपला हार्वेस्टर तर बारा-बारा तासांच्या पाळीने चालतो. त्या हिशेबाने कानाशी ८३ च्या वर आवाज जाऊ नये.

मोबाइलवरच्या मोजणीच्या अॅपवर फार भरवसा ठेवू नये, अंदाजाला ठीक. त्यापेक्षा जुनी खूण चांगली. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज ८५ च्या पुढे गेला समजा.

पाकिटावरचा आकडा

इअर मफच्या पाकिटावर एक आकडा असतो. अमेरिकन मालावर एन.आर.आर., युरोपियन मालावर एस.एन.आर. लिहितात. भारतीय मानक आय.एस. ९१६७ आहे, युरोपचे ई.एन. ३५२. कसलाही मानक क्रमांक नसलेला माल कितीही गुबगुबीत दिसला तरी घेऊ नये.

आकडा ३० असला म्हणजे ३० डेसिबल कमी होतात, असे समजणे म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरच्या उत्पन्नाच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यासारखे आहे. तो प्रयोगशाळेतला आकडा. रानातला वेगळा. एन.आर.आर. असेल तर त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे करावे, असा एक सावध हिशेब आहे. समजा आकडा २५ आहे. ७ गेले, १८ राहिले, निम्मे ९. ट्रॅक्टरवर ९५ असतील तर कानाशी ८६ धरा. युरोपियन पाकिटावर एच, एम, एल अशी आणखी तीन अक्षरे असतात. त्यांतले एल म्हणजे घुमणारा, जाड आवाज किती अडवतो ते. डिझेल इंजिनाचा आवाज बराचसा जाडच असतो, म्हणून आपल्या लोकांनी एलचा आकडा जरूर पाहावा. दुकानदार तो कधी दाखवत नाही.

उलट बाजूने, सर्वांत मोठा आकडा तोच सर्वांत चांगला असेही नाही. कानाशी ७५ ते ८० च्या दरम्यान आवाज राहिला तर उत्तम. ७० च्या खाली गेला की माणूस विहिरीत बसल्यासारखा एकटा पडतो, बेअरिंग ओरडतेय का पट्टा घसरतोय हे त्याला कळत नाही, आणि मग तो एक कान उघडा ठेवून काम करतो.

हा एक कान उघडा ठेवण्याचा, किंवा बोलण्यापुरते मफ काढण्याचा हिशेब सभासदांनी नीट समजून घ्यावा. आठ तासांतून अर्धा तास म्हणजे सोळावा हिस्सा. ३० डेसिबल अडवणारे उत्तम मफ आहेत, पण चालकाने बोलायला म्हणून दिवसातून मिळून अर्धा तास ते काढले, तर दिवसाचा खरा बचाव १२ डेसिबलवर येतो. बांधाला एक भगदाड असले की बाकीचा बांध कितीही उंच असला तरी पाणी जायचे ते जातेच. महागड्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा खरा फायदा इथे आहे. बोलायला ते काढावे लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक म्हणजे काय?

बाहेरून प्रत्येक कपावर एक माइक असतो. बाहेरचे बोलणे, हॉर्न, हाक तो पकडतो आणि आतल्या छोट्या स्पीकरवर ऐकवतो, पण साधारण ८२ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. बारीक आवाज थोडा मोठा करून देतो, मोठा आवाज दाबतो. घेताना दोन्ही बाजूंना वेगवेगळे माइक आहेत ना, हे पाहावे. स्वस्त मालात एकच माइक असतो, मग हाक आली कळते, पण कोणत्या अंगाने आली ते कळत नाही. दोन यंत्रांच्या मधे उभ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. माइकवर स्पंजची टोपी असावी, नाहीतर उघड्या ट्रॅक्टरवर वाऱ्याचाच सुंसुं आवाज दिवसभर कानात.

दुसरा एक प्रकार आहे, त्यात आलेल्या आवाजाच्या बरोबर उलटी लाट यंत्र तयार करते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. इंजिनाच्या जाड घुमण्यावर हे छान चालते, हाका-आरोळ्यांशी त्याचा संबंध नाही. याच तत्त्वावरचे गाणी ऐकायचे हेडफोन आजकाल पोरांच्या कानावर असतात, 'नॉइज कॅन्सल' म्हणून. ते कानाच्या बचावाचे साधन नव्हे. त्यावर बचावाचा आकडा नसतो. आणि नुसते मोबाइलचे बोंडूक कानात घालून ट्रॅक्टरच्या आवाजावर गाणे ऐकणे म्हणजे ९५ च्या वर आणखी चढवणे. ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर लावून ऊस वाहतूक करणाऱ्यांना दर हंगामात सूचना दिल्या जातात, पण ऐकायला त्यांना ऐकू आले पाहिजे ना! मागून येणाऱ्या एस.टी.चा हॉर्नही त्यांना ऐकू येत नाही.

रेडिओ

तीन प्रकार मिळतात. पहिला, मफमध्येच रेडिओ बसवलेला. वायर नाही, लोंबते काही नाही, पण महाग. दुसरा, मफ वेगळे आणि कमरेला वॉकीटॉकी, मधे वायर. स्वस्त पडतो, पण पाचटात वायर अडकते, आणि फिरणाऱ्या शाफ्टजवळ काम करणाऱ्याच्या अंगावर लोंबती वायर मी तरी खपवून घेणार नाही. तिसरा, ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा. मालकाला फोन लावायला ठीक, परंतु हार्वेस्टरवाला, दोन इनफिल्डरवाले आणि चीटबॉय अशा चौघांनी एकदम ऐकायचे तर त्याचा उपयोग नाही, शिवाय उंच उसात रेंज कधी असते कधी नसते. माझ्या मते यंत्रासोबत चालणाऱ्यांना पहिला प्रकार, एकट्या ट्रॅक्टरवाल्याला रेडिओविना इलेक्ट्रॉनिक, आणि ज्याचे कान अजून शाबूत आहेत व ज्याला एकट्यानेच नांगरट करायची आहे त्याला साधे चांगले मफ पुरे. साधे काही शे रुपयांत येतात, इलेक्ट्रॉनिक काही हजारांत, रेडिओसहित चांगला माल दहा हजारांच्या बराच वर. चार जणांचे संच एकाच जातीचे, एकाच चॅनलचे घ्यावेत. एकाने एक, दुसऱ्याने दुसरा आणला की दोघे मुके.

माइकचा दांडा ओठाला जवळजवळ टेकेल इतका जवळ यावा आणि माइक गोंगाट गाळणारा असावा. बोलायला सुरुवात केली की आपोआप चालू होणारे यंत्र दुकानात भारी वाटते, पण फडात इंजिनाच्या आवाजानेच ते चालू होऊन बसते आणि दुसऱ्या कुणाला बोलताच येत नाही. त्यापेक्षा दाबून बोलायचे बटण बरे, हातमोजा घालून दाबता येईल एवढे मोठे. पाकिटावर पाच-दहा किलोमीटर पल्ला लिहिलेला असतो, तो उघड्या माळावरचा. उभ्या, दव पडलेल्या उसात त्याचा थोडाच हिस्सा मिळतो. आपल्याला लागतो तो दोनशे-चारशे मीटर, त्यामुळे या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. रेडिओचा आवाजही आत ८२-८५ च्या वर जाणार नाही अशी मर्यादा यंत्रात आहे ना, हे मात्र विचारून घ्यावे. नाहीतर बाहेरचा आवाज अडवला आणि आतूनच कान फोडला, असे व्हायचे.

परवान्याची गोष्ट महत्त्वाची आहे. वॉकीटॉकी वाटेल त्या लहरीवर चालवता येत नाही. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केला आहे. त्यातलेच यंत्र घ्यावे आणि त्याला दूरसंचार विभागाची ई.टी.ए. ही मान्यता आहे ना, ते बिलावर लिहून घ्यावे. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बेकायदा वॉकीटॉकीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या त्या यासाठीच. कुणाचा भाचा अमेरिकेतून ४६२-४६७ मेगाहर्ट्झची जोडी घेऊन आला तर ती तिकडे चालते, इकडे मोकळी नाही.

पटका, चष्मा आणि घाम

इतके सगळे करून मफची गादी कानाभोवती घट्ट बसली नाही तर पैसे पाण्यात. आपले लोक उन्हासाठी टॉवेल किंवा पटका कानावरून गुंडाळतात आणि त्यावर मफ चढवतात. बचाव संपला. आधी मफ कानाला, मग त्यावरून सैल टॉवेल, असे करावे. माइक मात्र झाकू नयेत. टोपीवाल्यांनी टोपीची कड गादीखाली येऊ देऊ नये. जाड काडीच्या चष्म्याने फट पडते, बारीक काडीचा घ्यावा. हेल्मेट घालणाऱ्यांसाठी हेल्मेटला अडकणारे, आणि डोक्यावर पट्टी नको असणाऱ्यांसाठी मानेमागून पट्टी येणारे मिळतात. एप्रिलच्या उन्हात मफखाली घाम येतो हे खरे. फोमचे बूच त्या दिवसांत बरे पडते, पण ते बोटाने मळून बारीक करून, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचे असते. मळक्या हाताने घालू नये. कापसाच्या बोळ्याने मात्र काही होत नाही, तो अत्तराला ठीक.

परदेशात ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतकऱ्यांचा बहुधा डावा कान अधिक गेलेला आढळतो. मान उजवीकडे वळवून मागचे अवजार बघत बसले की डावा कान इंजिनाकडे होतो. माझाही डावाच कमी आहे. डिप्लोमा होईपर्यंत सुट्टीत काकांचा ट्रॅक्टर मीच मारायचो. रात्री निजताना त्या कानात रातकिडा बोलतो, तो बाहेरचा नव्हे हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

घेतलेल्या यंत्राची निगा थोडी सांगतो. पेन्सिल सेलवर चालणारे घेतले तर रात्री अकरालाही गावातल्या दुकानात सेल मिळतो. चार्जिंगचे असेल तर पाळी संपली की लावायची शिस्त हवी. गादी घामाने कडक होऊन चिरते, सहा महिन्यांनी म्हणजे आपल्या हिशेबाने दर हंगामाला बदलावी. सुट्या गाद्या मिळतात का, हे घेतानाच विचारावे. हंगाम संपला की सेल काढून, गादी ओल्या फडक्याने पुसून, पत्र्याच्या डब्यात ठेवावे. सेल तसेच राहिले तर गळून आतले सगळे खातात, आणि गोदामातल्या उंदरांना ती गादी फार आवडते.

तोडणी यंत्र असलेल्या सभासदांनी हंगाम सुरू होण्याआधी चालकांच्या कानाची तपासणी करून घ्यावी. केंद्राचा बहिरेपणा नियंत्रणाचा कार्यक्रम २००६-०७ पासून आहे आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. निघालेला कागद जपून ठेवावा, पुढच्या वर्षी ताडून बघता येतो.

गट कार्यालयात रेडिओसहित दोन संच आणि साधे तीन प्रकार पाहण्यासाठी ठेवले आहेत. मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी दोनपर्यंत मी तिथे असतो. येताना चालकाला बरोबर आणावे, मालकाच्या डोक्याचे माप घेऊन उपयोग नाही. आणि त्याचा नेहमीचा पटका व चष्मा घालूनच आणावे.